शिवमूरतच्या टाकीचं झाकण

आमच्या घरात रागवायचा हक्क एकट्या दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, होता. आईचं डोकं दुखायचं, मला ताप यायचा, खालच्या मजल्यावरच्या मालकिणीच्या अंगात यायचं. राग मात्र फक्त दादांना यायचा. आणि तोही न बोलता. घास हातात धरून त्यांनी एकदा आईकडे बघितलं की आई निमूट उठायची आणि मिठाचं भांडं घेऊन यायची. मी आता पन्नाशी कधीच ओलांडली आहे, वडील जाऊनही बरीच वर्षं झाली, आणि माझ्याजवळ त्या एका हिवाळ्याचा राग तसाच्या तसा पडून आहे. तो इथे काढते आहे. वडिलांविषयी गोड वाचायचं असेल त्यांनी हे प्रकरण सोडून पुढे जावं.

दादा वेदपाठी. बनारसला ब्रह्मा घाटाच्या वरच्या गल्लीत आम्ही दोन खोल्या आणि एक सज्जा भाड्याने घेऊन राहायचो, दादा, आई आणि मी. पहाटेपासून पुढच्या खोलीत त्यांचे तीन-चार विद्यार्थी पाठ म्हणायला बसत. तो आवाज इतका अंगवळणी पडला होता की तो थांबला म्हणजेच मला जाग यायची. मागच्या खोलीत आई स्टोव्हवर काहीबाही रांधत असायची. थंडीत मटार वाटून त्यांचा रस्सा, निमोना, व्हायचा, तो शेजारच्या बायका करतात तसाच, पण आई त्यात गोडा मसाला घालायची, आणि शेजारणी वाटी घेऊन मागायला यायच्या. आमची मराठीही त्या निमोन्यासारखीच होती. मी ‘नहाऊन’ यायचे, ‘सीढ्या’ चढायचे, आणि पुण्याहून येणारे यात्रेकरू माझं बोलणं ऐकून गालात हसायचे. घरात एक नियम होता. दादांचं म्हणणं चालू असताना मध्ये कुणी बोलायचं नाही. दूध उतू जाऊ दे, दारात कुणी उभा राहू दे, शब्द तुटता कामा नये. एकदा आईच्या मनगटावर उकळतं तेल उडालं होतं, तेव्हा ती दातांखाली पदर धरून भिंतीला टेकून उभी राहिली, आणि दादांचं संपल्यावर म्हणाली, ‘जरा भाजलं बाई.’ मी सात-आठ वर्षांची असेन. मला तेव्हा त्याचं कौतुक वाटलं होतं. आता आठवलं की तळपायाची आग मस्तकाला जाते.

अशा घरातली मी पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकलला गेले. वर्गात एकटी मुलगी. दादांनी नाही म्हटलं नाही, कारण त्यांची समजूत अशी होती की डिप्लोमा म्हणजे पांढऱ्या कागदावर रेघा मारणं, आणि रेघा मारणारी मुलगी घरात बसूनही मारू शकते. तिसऱ्या वर्षाला मी चेतगंजच्या बाजूला रामअवतार मिस्त्रींच्या कारखान्यात जायला लागले आणि अंगाला पेट्रोलचा वास येऊ लागला, तेव्हा घरात पंचाईत झाली. पेट्रोल सोवळ्यात की ओवळ्यात? शास्त्रात काही सापडेना. शेवटी आईने निवाडा केला. कारखान्यातले कपडे सज्ज्यातच उतरवायचे, शिकेकाईने हात कोपरापर्यंत धुवायचे, आणि मग स्वयंपाकाच्या खोलीत पाऊल टाकायचं. थंडीत त्या उघड्या सज्ज्यात पडदा धरून कपडे बदलताना माझे दात वाजायचे, तरी मला घाई व्हायची ती दुसऱ्या दिवसाची.

कारखाना म्हणजे पत्र्याच्या छपराखालची एक लांबट जागा. तिथे सकाळपासून पत्रा ठोकल्याचा खणखणाट चाले, मधूनच गॅसच्या ज्योतीचा फुरफुराट, आणि अकराच्या सुमाराला कागदाच्या पुड्यात लाई-चना आणि कुल्हडातला चहा. रामअवतार चाचा जुन्या मोटरसायकलींच्या गळक्या, गंजलेल्या टाक्या दुरुस्त करायचे. कधी नवीन टाकीही बनवायचे, लाकडी साच्यावर पत्रा ठोकून ठोकून. त्यांचं गिऱ्हाईक मुख्यतः दूधवाले. गंगेपलीकडच्या गावांतून हे लोक पहाटे मोटरसायकलला चार-चार कॅन टांगून राजघाटच्या पुलावरून शहरात यायचे, आणि त्यांची सगळ्यांची एकच तक्रार होती. टाकीत पेट्रोल असतं, आणि गाडी बंद पडते.

कारण अगदी साधं होतं. मोटरसायकलची टाकी वरून एक दिसते, पण खाली तिचे दोन भाग असतात. घोड्याच्या पाठीवर पडशी टाकावी तशी ती गाडीच्या चौकटीच्या मधल्या नळीवर बसते. पेट्रोल बाहेर सोडणारा कॉक एकाच बाजूला. पेट्रोल कमी झालं की दुसऱ्या बाजूच्या पडशीतलं तिथेच अडकून राहतं. साधा माणूस काय करतो? गाडी तिरकी करतो, पेट्रोल इकडून तिकडे येतं, की चालला. पण चार कॅन दूध लादलेली गाडी तिरकी करून दाखवा बघू. शिवाय त्या खड्ड्यांच्या रस्त्यावर पेट्रोल हिंदकळून झाकणातून बाहेर यायचं आणि दुधाला वास लागायचा, की हलवाई दूध परत करायचा. मी हे सगळं वहीत लिहून घेतलं आणि चाचांना म्हटलं, यांच्यासाठी वेगळी टाकी बनवते. माझ्या शेवटच्या वर्षाचं कामही तेच होईल.

ते तीन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते, हे रागाच्या भरातही कबूल करते. दोन्ही पडशांना तळातून जोडणारी नळी मी घातली. सगळ्यात खाली एक खळगी केली, म्हणजे गंज आणि कचरा तिथे बसेल आणि कॉकच्या तोंडात जाणार नाही. मग टाकीत पाणी भरून ती फळीवर ठेवायची, फळीखाली कधी एक वीट, कधी दोन, आणि कॉकखाली बाटली धरून घड्याळ बघायचं की चढावर, उतारावर, आडवं असताना धार सारखी पडते की नाही. हात बर्फासारखे व्हायचे. चाचा सुरुवातीला हसायचे, मग स्वतःच वीट सरकवायला यायला लागले. झाकणाला मी रबराचा घट्ट चकती-वायसर बसवला, दुधाला वास लागू नये म्हणून. आणि घट्ट झाकण बसवलं की आत हवा जायला वाट हवी, नाहीतर पेट्रोल उतरणार कसं? लोटीच्या तोंडावर पंजा दाबून धरला तर तळाच्या भोकातून पाणी पडत नाही, तसंच ते. म्हणून झाकणाच्या बरोबर मधोमध मी एक भोक पाडलं, सुईच्या नेढ्यापेक्षा जरासं मोठं. कंपनीच्या झाकणात ही वाट आतून वळणावळणाने काढलेली असते. आमच्याकडे ते करायचं यंत्र नव्हतं. सरळ वरून भोक. मला ते फार सुटसुटीत वाटलं होतं.

ठरलं असं. शिवमूरत नावाच्या दूधवाल्याच्या गाडीवर ही टाकी पंधरा दिवस चालवायची. दणकट, मितभाषी माणूस, त्याच्या गावचे बाकीचे दूधवाले त्याचं ऐकत. तो हो म्हणाला तर सगळे तीच टाकी बनवून घेणार, आणि चाचा मला कारखान्यात कायमचं कामावर ठेवणार. ‘तोहार मेज हियाँ लगी,’ ते खिडकीखालची जागा दाखवून म्हणाले होते. तिथे माझं टेबल लागणार होतं. मला जगात दुसरं काही नको होतं. लग्न नको, गाव बदलायला नको, फक्त ते टेबल हवं होतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण आईला कळलं असावं, कारण ती त्या दिवसांत मला कारखान्यातून यायला उशीर झाला तरी ओरडायची नाही.

टाकी गाडीवर चढली त्या दिवशी शिवमूरत म्हणाला, पूजा झाल्याशिवाय नवी चीज पुलावर नेणार नाही, आणि पूजा बिटियाच्या पिताजींच्याच हातून व्हावी. मी नाचतच घरी गेले. दादा आता गाड्यांच्या पूजा बऱ्याच करायचे. महाराष्ट्रातून येणारे यात्रेकरू पूर्वीसारखे आमच्याकडे उतरत नव्हते, आणि बनारसमध्ये जो तो नवी मोटरसायकल घेत होता. घर त्याच्यावरच चाललं होतं. पण माझ्या कारखान्यात ते कधी आले नव्हते. मला वाटलं, येतील, बघतील, टाकीवर हात फिरवतील, विचारतील की ही नळी कशाला. मूर्खच होते मी.

ते आले, टाकीकडे न बघता पाटावर बसले आणि ताम्हन मांडून घेतलं. आईने घरून तुपात कालवलेला शेंदूर दिला होता. मी बाजूला फुलं घेऊन उभी. मंत्र सुरू झाले. दादांनी अनामिकेवर शेंदूर घेतला, टाकीवर सगळ्यात उंच आणि सपाट जागा कुठली तर झाकण, त्याच्यावर स्वस्तिक काढायला घेतलं, आणि मधला बिंदू अंगठ्याने दाबून बसवला. वर अक्षता चिकटवल्या. मी बघत होते. अगदी समोर उभी राहून बघत होते. भोक, असं माझ्या मनात स्पष्ट आलं. जिभेवर आलं. पण दादांचं म्हणणं चालू होतं, आणि मध्ये बोलायचं नसतं. मग प्रसाद वाटला, शिवमूरत पाया पडला, बाकीचे पाया पडले, गडबडीत मीही पाया पडले, आणि मनात आलेलं निसटून गेलं. आज माझ्या हाताखालच्या पोरांना मी सांगते, की नकाशा काढून झाला की त्या गावातला माणूस त्या वस्तूच्या कुठल्या भागाला हात लावेल, टेकेल, काय माखेल, ते आधी मला सांगा. काशीत वाढलेल्या, भटजीच्या मुलीने वर तोंड करून भोक पाडावं, याला काय म्हणायचं? माझ्या चुकीचा वाटा मी आधीच उचलून ठेवते आहे, म्हणजे बाकीचं मोकळेपणी सांगता येईल.

दुसऱ्या दिवशी पहाटे कडाक्याची थंडी आणि धुकं. शिवमूरतने टाकी काठोकाठ भरली आणि निघाला. रात्रीत तूप गोठून दगड झालं होतं. पुलाच्या चढावर, मधोमध, इंजिनने दोन आचके दिले आणि बंद. मागून येणाऱ्या जीपला धुक्यात दिसलं नाही. जीप कॅनला घासून गेली, शिवमूरत गाडीखाली आला, पाय दोन ठिकाणी मोडला, आणि पुलावर दूध वाहत गेलं. कॉलेजातून मी कारखान्यात पोचले तोवर त्याच्या गावची सात-आठ माणसं तिथे येऊन उभी होती.

मी तशीच सरकारी इस्पितळात गेले. शिवमूरत खाटेवर पडून छताकडे बघत होता. त्याची बायको मला बघून तोंड फिरवून बसली. तो मात्र शांतपणे म्हणाला, ‘बिटिया, पेट्रोल त फुल रहल. लोग ढक्कन खोललन त सूँ से हवा खिंचाइल. फिर एक्के किक में चालू.’ झाकण उघडल्याबरोबर हवा आत ओढली गेली, आणि गाडी एका किकेत सुरू झाली. त्याने हे अशा सुरात सांगितलं, की भुताटकी वगैरे असावी. मी धावत कारखान्यात परत आले, गाडी कोपऱ्यात पडली होती, झाकण काढून उजेडात धरलं. स्वस्तिकाच्या बिंदूखाली भोक ठासून भरलेलं, तूप, शेंदूर आणि वर अर्धा तांदूळ. मी ते झाकण रुमालात बांधलं. काखेत कळसा म्हणतात तो मी खरोखरच काखेत घेऊन घरी गेले.

दादांना मी सगळं नीट सांगितलं. तोफ डागली नाही, अजिबात नाही. म्हटलं, तुमचीही चूक नाही, भोक मी चुकीच्या जागी पाडलं; उद्या चाचांनी सगळ्यांना बोलावलं आहे, तुम्ही फक्त एवढं सांगा की शेंदूर झाकणाच्या मधोमध लावला होता. टाकी वाईट नाही हे त्यांना कळेल. दादांनी झाकण हातात घेतलं, नखाने वरवरचा शेंदूर खरवडला, भोकाला डोळा लावून खिडकीकडे बघितलं. परत दिलं. ‘बघू,’ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात शिवमूरतचा भाऊ होता, गावचे लोक होते, चाचा होते. मी बाटली घेतली, टाकीत पाणी भरलं, झाकण लावलं. भोक तसंच बुजलेलं. थोडं पाणी पडलं, धार बारीक झाली, थांबली. मग टाचणीने भोक मोकळं केलं आणि धार पुन्हा सुरू झाली. शेंबड्या पोरालाही कळलं असतं. सगळ्यांना कळलंच. सगळे हळूच दादांकडे बघायला लागले. दादा उपरणं सारखं करत म्हणाले, अगदी शांत, हिंदीत, प्रवचनाला बसल्यासारखे: ‘सिंदूर से गाड़ी बंद होती, तो काशी में एक भी गाड़ी न चलती.’

लोक हसले. इतकं मोकळं हसले की मला आजही तो आवाज ऐकू येतो. देवाधर्माच्या वाकड्यात जावं लागलं नाही, पंडितजींना दोष द्यावा लागला नाही, सुटले बिचारे. उरली कोण? मी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरानेच दोर वळून दिला. चाचा माझ्याजवळ आले आणि खाली बघत म्हणाले, ‘गलती भइल त मान ल बिटिया. पूजा के बीच में मत लावs.’ पूजेला यात ओढू नकोस. नंतर आणखी हळू म्हणाले, की आता काही दिवस येऊ नकोस, लोक चिडलेत. दादा तोवर चपला घालून गल्लीला लागले होते.

त्या दुपारी आईने मेतकूट-भात वाढला, वर तुपाची धार. ते तूप बघितलं आणि मी ताट भिंतीवर भिरकावलं. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं. भात भिंतीवरून ओघळत होता आणि दादा जेवत होते. मी ओरडले, ‘मी खोटं बोलले असं तुम्हाला खरंच वाटतं?’ ते म्हणाले, ‘जेवताना ओरडू नये.’ मी विचारलं, एक माणूस पाय मोडून पडलाय आणि तुम्ही मूग गिळून बसता, तुमच्या वेदांत हेच लिहिलंय का? त्यांनी आपोष्णी घेतली, हात धुतला आणि पुढच्या खोलीत गेले. थोड्या वेळाने विद्यार्थी आले आणि पाठ सुरू झाला, त्याच आवाजात, एकही स्वर इकडचा तिकडे नाही. आई भिंत पुसत होती. न बघताच म्हणाली, ‘उद्या ह्यांच्या हातची पूजा कुणी घेतली नाही तर आपण खायचं काय, वसू? तुझं काय, तू दुसरीकडे काम बघशील.’ म्हणजे तिलाही माहीत होतं. मी तिच्याशी महिनाभर बोलले नाही, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

पुढचे दीड-दोन महिने मी कॉलेज आणि घर एवढंच करत होते. माझ्या टाकीची गोष्ट वर्गात पोचली होती. पोरं माझ्या बाकावर शेंदराचं बोट ओढून ठेवायची. मी फडक्याने पुसायचे आणि बसायचे. रडले नाही. रडायला राग थोडा कमी असावा लागतो.

होळीच्या आधी शिवमूरत कुबडी टेकत आमच्या गल्लीत आला. वर चढता येईना म्हणून खालूनच त्याने हाक मारली. मी खाली गेले तर म्हणाला, ‘हम सुनले रहली. सूँ से हवा खिंचाइल रहे.’ त्याने तो आवाज स्वतः ऐकला होता, आणि त्या दिवशी कारखान्यात तो असता तर बोलला असता. चाचांना त्याने जाऊन सांगितलं होतं, की टाकी हीच पाहिजे, आणि बिटियाच बनवेल. एवढं बोलून तो पुन्हा कुबडी टेकत निघून गेला. ज्याचा पाय मोडला तो माणूस माझ्यासाठी एवढा चालून आला, आणि माझे वडील वरच्या सज्ज्यात उभे राहून बघत होते. सज्ज्यातून सगळं ऐकू यायचं.

मी परत कामाला लागले. टाकी तीच ठेवली. झाकणावरचं भोक झाळून बंद केलं. टाकीच्या आतून, अगदी वरच्या टोकापासून एक बारीक तांब्याची नळी खाली उतरवली आणि तळातून बाहेर काढून चौकटीच्या मागे, चिखल उडणार नाही अशा जागी सोडली. हवा आता तिथून आत जाणार. वरून शेंदूर ओता, तूप ओता, हार घाला, माकड बसवा, काही फरक पडत नाही. पाण्याची परीक्षा झाली, मग चाचांनी स्वतः तीन दिवस गाडी पुलावरून नेली-आणली. मग मी म्हटलं, आता पूजा. चाचा चपापले. ‘केसे करइबू?’ म्हणजे, कुणाकडून करवणार? मी म्हटलं, दुसऱ्या कोणाकडून कशाला, आमच्याच पंडितजींकडून.

दादा नाही म्हणू शकले नाहीत. नाही म्हटलं असतं तर लोकांनी कारण विचारलं असतं. आले. तीच माणसं गोल करून उभी होती, शिवमूरत खुर्चीवर. ताम्हन मांडलं, मंत्र सुरू झाले. दादांनी बोटावर शेंदूर घेतला, हात टाकीवर गेला, झाकणाच्या वर येऊन थांबला. क्षणभरच. मग तो हात तसाच पुढे सरकला आणि त्यांनी पुढच्या दिव्यावर स्वस्तिक काढलं.

बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही. मी मात्र बघितलं. मी इतके दिवस स्वतःची समजूत घातली होती, की त्यांना यंत्रातलं कळत नाही, जुना माणूस, खरंच पटलं नसेल. त्यांना सगळं कळत होतं. खिडकीकडे झाकण धरून भोकाला डोळा लावला, तेव्हाच कळलं होतं. कळून-सवरून त्यांनी मला त्या माणसांच्या हसण्यात उभं केलं होतं.

मंत्र संपल्यावर मी म्हटलं, ‘दादा, झाकणावर काढा ना. गेल्या वेळी काढलं होतं.’

‘इथे ठीक आहे,’ ते म्हणाले.

‘का?’

आम्ही मराठीत बोलत होतो, पण ‘का’ कुणाला कळत नाही? सगळे आमच्याकडे बघू लागले. दादांच्या बोटावरचा शेंदूर वाळत होता. ते माझ्याकडे बघत होते, आणि मी नजर खाली केली नाही. जन्मात पहिल्यांदा. मग त्यांनी पुन्हा बोट बुडवलं आणि झाकणावर, मधोमध, ठळक स्वस्तिक काढलं. शिवमूरतच्या भावाने गाडीला किक मारली आणि ती पुलाकडे गेली, आणि कुठेही थांबली नाही. पंधरवड्यात त्या गावच्या सगळ्या दूधवाल्यांनी टाक्या बनवायला टाकल्या, आणि खिडकीखाली माझं टेबल लागलं.

त्या ‘का’चं उत्तर द्यायला दादांना पुढे कितीतरी वर्षं मिळाली. तोवर मी कामासाठी पुण्याला गेले होते; शेवटच्या आजारपणात मी तिथून येऊन दोन महिने राहिले होते, त्यांना चमच्याने पेज भरवायचे, कूस बदलून द्यायचे, आणि रोज वाट बघायचे. ते पाण्याबद्दल बोलायचे, विद्यार्थ्यांबद्दल बोलायचे. एकदा म्हणाले, तुझं काम चांगलं चाललंय असं ऐकतो. एवढंच. मी पुन्हा विचारलं असतं तर त्यांनी उत्तर दिलंही असतं कदाचित. मी विचारलं नाही, कारण आजारी माणसाला असं विचारू नये असं आई म्हणाली, आणि मी ऐकलं. दादांवरचा राग मला पेलतो. हा दुसरा, स्वतःवरचा, पेलत नाही.